मुरलीकांत पेटकरांबद्दलचा तो मेसेज चुकीचा आहे
पुण्यातल्या अनेक ग्रुपवर फिरतंय: 'बॉक्सिंगचं ऑलिम्पिक सुवर्ण जिंकणारे पेटकर १९६५च्या युद्धात गोळ्या लागल्यावर पुन्हा कधी खेळले नाहीत.'

गोळ्यांनी संपलं ते त्यांचं बॉक्सिंग. खेळ नाही! १९६८ला ते तेल अवीवच्या पॅरालिम्पिकमध्ये, म्हणजे दिव्यांग खेळाडूंच्या ऑलिम्पिकहून वेगळ्या जागतिक स्पर्धेत, टेबल टेनिस खेळले. १९७२ला पश्चिम जर्मनीतल्या हायडेलबर्गला, पॅरालिम्पिकमध्येच, ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात ३७.३३ सेकंदांत सुवर्ण जिंकलं. आंतरराष्ट्रीय पॅरालिम्पिक समितीच्या निकालांत ही नोंद आहे. भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक सुवर्ण २००८चं, अभिनव बिंद्रांचं.

पॅरालिम्पिकचं पदक मुळातच मोठं आहे, त्याला दुसरं नाव द्यायची गरज नाही. कृपया जुना मेसेज पुढे पाठवू नका. आधीच पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.