खुलासा : मागावा उंदराला ‘व्हिक्टोरिया क्रॉस’ मिळालेला नाही

गळ्यात पदक घातलेल्या उंदराचा फोटो ‘ब्रिटिश सरकारने याला व्हिक्टोरिया क्रॉस दिला’ अशा मजकुरासह फिरतो आहे. फोटोतला मागावा खरा, पदकही खरं. बाकीचं चूक.

व्हिक्टोरिया क्रॉस हा माणसांसाठीचा लष्करी सन्मान. मागावाला सप्टेंबर 2020 मध्ये मिळालं ते पीडीएसए या ब्रिटनमधल्या प्राण्यांच्या धर्मादाय संस्थेचं सुवर्णपदक. सरकारचा त्यात काही संबंध नाही. गोंधळ बहुधा याच संस्थेच्या डिकिन पदकामुळे होत असावा. 1943 मध्ये सुरू झालेलं ते पदक युद्धातल्या कामगिरीसाठी असतं आणि त्यालाच ‘प्राण्यांचा व्हिक्टोरिया क्रॉस’ म्हणतात. त्याचे पहिले मानकरी तीन कबुतरं होती!

मागावा सैन्यातलाही नव्हता. टांझानियात जन्मलेल्या या आफ्रिकी उंदराला अपोपो या स्वयंसेवी संस्थेनं जमिनीत पुरलेले सुरुंग हुंगून शोधायला शिकवलं आणि त्या कामासाठी कंबोडियात नेलं. त्याला स्फोटकाच्या रसायनाचा वास ओळखता येई, त्यामुळे गंजके खिळे, पत्रे यांत त्याचा वेळ जात नसे. वजन जेमतेम सव्वा किलो, म्हणून पायाखाली सुरुंग असला तरी तो फुटत नसे. टेनिस कोर्टाएवढी जमीन तो अर्ध्या तासात हुंगून काढी. धातुशोधक घेतलेल्या माणसाला त्यासाठी चार दिवस लागू शकतात. निवृत्तीपर्यंत त्यानं 71 सुरुंग आणि 38 न फुटलेली स्फोटकं शोधली. जानेवारी 2022 मध्ये तो गेला, तोही म्हातारपणी, आठव्या वर्षी.

फोटो जरूर पाठवा, पण पदकाचं नाव दुरुस्त करून.