आत्या, सुरुंग आणि वीस मिनिटं

तासगावजवळच्या आमच्या वाडीत पहाटेचे साडेपाच वाजतात, तेव्हा उन्हाळ्यात इथे न्यू जर्सीतल्या एडिसनला आदल्या रात्रीचे आठ वाजलेले असतात. आत्याची चूल पेटलेली, माझी भांडी घासून झालेली. या मुहूर्तावर आम्ही तिच्या व्हिसाचा डीएस-१६० उघडला.

अमेरिकेत नुसतं भेटायला यायचं तरी हा ऑनलाइन फॉर्म भरावा लागतो. स्वभावानं तो मानपानवाल्या व्याह्यासारखा आहे. वीस मिनिटं कुणी विचारलं नाही, की उठून चालू लागतो. आणि आत्याच्या घरात सकाळी सलग वीस मिनिटं कुणी एका जागी बसलेलं मी जन्मात पाहिलेलं नाही. "पाणी आलं रं!" म्हणून ती गेली, की फोन कट्ट्यावर उताणा. मी इकडे बसून पत्र्यावरची पाल बघायची. ती परत येईपर्यंत फॉर्म निघून गेलेला. मग तो 'एए'पासून सुरू होणारा अर्जाचा क्रमांक शोधा, शिवाय गुप्त प्रश्नाचं उत्तर द्या: आईच्या आईचं नाव काय?

"थोरली आई," आत्या म्हणाली.

"अगं, नाव काय?"

"थोरली आईच म्हणायचे सगळे. तिला नावानं हाक मारणारं कोण हुतं?"

थोरली आई असंच भरलं.

पुढचा रकाना, आणखी काही नावं वापरली आहेत का? माहेरचं पाळण्यातलं एक, सासरी तांदळात अंगठीनं लिहिलेलं दुसरं, शाळेच्या दाखल्यावर मास्तरांनी ऱ्हस्व-दीर्घासकट बिघडवलेलं तिसरं. तीन नावांची बाई म्हणजे फॉर्मच्या दृष्टीनं गुन्हेगारच की. जन्मतारीख पासपोर्टावर १ जून. तिची, तिच्या दोन्ही भावांची आणि माझ्या वडिलांच्या वर्गातल्या निम्म्या पोरांची तीच. जूनमध्ये शाळा भरायची, मास्तर तारीख टाकून मोकळे. खरी आत्या जन्मली बेंदराच्या आदल्या रात्री, पण बेंदूर फॉर्मच्या महिन्यांच्या यादीत नव्हता. तिच्या आईच्या तारखेपुढे मी 'माहीत नाही' या चौकटीत खूण केली, तर ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. "सख्ख्या आईचं म्हाईत न्हाई असं लिवलंस व्हय?"

तुम्ही एखाद्या कुळाच्या किंवा टोळीच्या आहात का, हे वाचून दाखवल्यावर मात्र ती खुलली. "स्थळ बघत्यात का रं?"

मग आला सुरक्षेचा भाग. हेरगिरीचा प्रश्न मी तिला विचारलाच नाही. समोरच्या घरात रात्री किती वाजता दिवा मालवला हे तिला पाठ असतं, आणि खोटं बोलायची तिला सवय नाही. पण शस्त्रं, स्फोटकं वगैरेंचं काही खास कौशल्य किंवा प्रशिक्षण आहे का, हे मी बेसावधपणे मोठ्यानं वाचलं.

"हाय की," आत्या म्हणाली.

"काय आहे?"

"तुझ्या मामांनी हीर पाडली तवा सुरुंग लावले न्हाईत का? वाती लांबवून द्यायला मीच हुते. मला बघून पळायचं कवा ते कळायचं."

मी घाईघाईनं 'नाही'वर टिचकी मारली. पलीकडे आत्या चांगलीच दुखावली. बाईमाणूस म्हणून कधी कुणी श्रेय दिलं नाही, अमेरिकेनं विचारलं तर भाच्यानं खोडलं!

फी तेव्हा १८५ डॉलर होती. व्हिसा नाकारला तरी परत मिळत नाही, हे मी तिला सांगितलं नाही. चष्मा काढून, पांढऱ्या पडद्यापुढे फोटो झाला. मुलाखतीची तारीख मिळाली आठ महिन्यांनी. मधल्या काळात मी फाईल जमवली: सातबारा, पासबुक, माझं पत्र. कारण अमेरिकेच्या व्हिसा कायद्यातल्या कलम २१४(ब)चा खाक्या असा, की तुम्ही कायमचे राहायलाच येताय असं धरून चालायचं, आणि परत जाणार हे पटवायचं काम तुमचं. दर रविवारी मी साहेब व्हायचो आणि विचारायचो, "परत का जाणार?" ती दर वेळी म्हणायची, "न्हाईतर काय तुझ्याकडं भांडी घासू?"

वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत मोबाईल नेता येत नाही, म्हणून आतेभाऊ तो घेऊन बाहेर थांबला. माझ्याकडे मध्यरात्र उलटून गेलेली. फोन आला.

"फाईल बघितली का?"

"न्हाई. हातातच ऱ्हायली. बाईनं मराठीतनं इचारलं, परत कवा जाणार?"

"मग?"

"म्हटलं, श्रावणात म्हैस विणार हाय. पयल्या वेताची हाय, घरचं माणूस लागतं."

"मग?"

"हसली अन् पासपोर्ट ठेवून घेतला."

पासपोर्ट घरी आला, तो दहा वर्षांचा व्हिसा घेऊन. त्या रात्री आत्याचा पुन्हा फोन.

"अरं, धा वर्सं लिवल्यात. तिनं नीट ऐकलं न्हाई वाटतं. श्रावणापतोर करून दे म्हणावं."