दोन राउटर, एकच पत्ता

कोथरूडच्या आमच्या सोसायटीत कुणी घरात दुसरा राउटर बसवला की नेट रडायला लागलंच म्हणून समजा, आणि दरवेळी कारण तेच! नेट कंपनीचा माणूस येतो, जुन्या राउटरची लॅन (घरातल्या नेटवर्कची) वायर नव्याच्या लॅन पोर्टमध्ये खुपसतो, मोबाइलवर स्पीड दाखवतो आणि जातो. अहो, दोन्ही डब्यांचा नेटवर्कमधला पत्ता १९२.१६८.१.१, दोन्हीकडे डीएचसीपी, म्हणजे फोन-लॅपटॉपला आपोआप पत्ते वाटायची सोय, चालू! मग कोण कुणाकडून आयपी (हाच तो पत्ता) घेणार? नव्याकडून मिळाला की नेट गेलं, कारण त्याला स्वतःला बाहेरचा रस्ताच नाही. म्हणून संध्याकाळी टीव्ही चालतो आणि सकाळी लॅपटॉप अडतो. शेजारच्या काकूंना तर वायर खराब आहे सांगून नवी वायर विकली. चीड येते!

काम केवढं? आधी नव्याचा पत्ता १९२.१६८.१.२ करा, त्यातलं डीएचसीपी बंद करा, मगच वायर जोडा. एवढं न करता फोनवर नुसतं ‘रीस्टार्ट करून बघा’. बरं, आम्ही करतो म्हटलं, तर राउटरचा अ‍ॅडमिन पासवर्ड, म्हणजे त्याच्या सेटिंग बदलायचा पासवर्ड, कंपनीवाले देत नाहीत. बिल आम्ही भरतो, तेही वर्षाचं आगाऊ. तो पासवर्ड आम्हाला मिळालाच पाहिजे!