फोन कटला, पण लॉगिन उघडंच!

राजेहो, किती वेळा सांगू? जिनिंगच्या लिनक्स सर्व्हरवर डायल-इन, म्हणजे फोन लावून मशीनमध्ये शिरायची सोय, ठेवा, माझी ना नाही. यवतमाळकडच्या गावात पावसाळ्यात इंटरनेट गेलं की तांब्याच्या तारेचाच आधार. पण दर वेळी कोणीतरी येतं, मोडेम (फोनची तार मशीनला जोडणारा डबा) जोडतं, 'लागला, लागला' म्हणतं अन् निघून जातं.

काल रात्री घरून फोन लावला. मोडेमची किरकिर थांबली, एंटर दाबलं, अन् समोर थेट रूटचा, म्हणजे मशीनच्या सर्वाधिकारी खात्याचा, हॅश (#)! पासवर्ड विचारलाच नाही. आधीच्या माणसाची लाइन मधेच कटली होती, त्याचं सेशन तसंच उघडं पडलेलं. कारण दर वेळचंच: मोडेम जोडतात त्या सीरिअल पोर्टवर 'क्लोकल' (clocal) चालू, म्हणजे मोडेमच्या इशाऱ्यांकडे दुर्लक्ष. मग कॅरिअर, म्हणजे लाइन जोडलेली असल्याचा इशारा, गेला तरी लिनक्सला पत्ताच लागत नाही. ते बंद करा, मोडेमला एटी-अँड-सी-१ (AT&C1, कॅरिअर खरा दाखव) अन् अँड-डी-२ (&D2, मशीनने लाइन सोडली की फोन ठेव) या आज्ञा द्या, रूटला मोडेमवरून थेट शिरू देऊ नका. पाच मिनिटांचं काम आहे हो!

शेतकऱ्यांच्या कापसाचे चुकारे त्या मशीनवर आहेत. अन् तुमचं उत्तर काय, तर नंबर कोणाले माहीत हाय? अहो, तो कापसाच्या वजनाच्या काटापट्टीवर छापलेला आहे!