‘सकाळी टेस्ट निगेटिव्ह आली, विषय संपला’? मुळीच नाही

कसलीही काळजी न घेता संबंध आले तरी ‘घाबरू नका’ म्हणणारा तो सहा मुद्द्यांचा मेसेज आता माझ्या भाचीच्या फोनवरही पोचला. ‘डॉक्टरांनी सांगितलंय, सगळ्या मैत्रिणींना पाठवा’ या शेपटासकट. मुद्दे असे: दुसऱ्या दिवशी सकाळी प्रेग्नन्सी टेस्ट निगेटिव्ह आली की निर्धास्त; पाळीनंतरचे सात आणि पाळीआधीचे सात दिवस सेफ; एकदाच झालं तर राहत नाही; लगेच धुतलं की सगळं निघून जातं; वेळेवर बाहेर काढलं तर प्रश्नच नाही; आणि एक गोळी घेतली की महिनाभर चिंता नाही. कोणते डॉक्टर, ते अर्थातच लिहिलेलं नाही.

आधी ती सकाळची टेस्ट, कारण सगळ्यात जास्त घात तीच करते. पट्टीला शुक्राणू कळत नाहीत, तिला लघवीतलं एचसीजी कळतं. हे हार्मोन गर्भ गर्भाशयाच्या अस्तरात रुजू लागल्यावरच लघवीत सापडतं, आणि रुजणं बहुतेक वेळा अंडं सुटल्यानंतर आठव्या ते दहाव्या दिवशी होतं, कधी बाराव्याही. शिवाय शुक्राणू आत पाच दिवस तग धरू शकतात, म्हणजे अंडं संबंधांनंतर पाच दिवसांनी सुटलं तरी गाठ पडू शकते. पाच आणि बारा, सतरा. वर एचसीजी पट्टीला कळण्याइतकं वाढायला आणखी थोडे दिवस. म्हणून संबंधांनंतर २१ दिवसांनी केलेली टेस्ट भरवशाची धरतात. त्या रात्रीमुळे दिवस राहणार असले तरी दुसऱ्या सकाळी पट्टी निगेटिव्हच येणार. पेरणीच्या दुसऱ्या दिवशी शेतावर जाऊन ‘काही उगवलं नाही’ म्हणण्यातला हा प्रकार.

आणि या खोट्या दिलाशात नेमके उपायाचे तास निघून जातात. दिवस राहू नयेत म्हणून संबंधांनंतर घ्यायची लेव्होनॉर्जेस्ट्रेलची १.५ मिलिग्रॅमची गोळी ७२ तासांच्या आत घ्यायची असते, जितकी लवकर तितकी बरी. युलिप्रिस्टलची ३० मिलिग्रॅमची गोळी १२० तासांपर्यंत चालते. पाच दिवसांच्या आत बसवलेली तांबी या तिन्हींत सगळ्यात खात्रीची. तीन आठवडे थांबायचं ते टेस्टसाठी. उपायासाठी थांबायला वेळ नसतो.

आता ‘सेफ’ दिवस. १९९५ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अ‍ॅलन विलकॉक्स आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. मूल हवं असलेल्या २२१ स्त्रियांनी संबंधांच्या रोजच्या नोंदी ठेवल्या आणि लघवीतल्या हार्मोन्सवरून अंडं सुटण्याचा दिवस काढला गेला. गर्भ राहिला तो फक्त सहा दिवसांतल्या संबंधांतून: अंडं सुटण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच. पाच दिवस आधी शक्यता सुमारे १० टक्के, त्या दिवशी सुमारे ३३.

हे सहा दिवस मेसेजवर ठेवून बघा. चक्र २४ दिवसांचं असेल तर अंडं साधारण दहाव्या दिवशी सुटतं. म्हणजे पाचव्यापासून दहाव्यापर्यंतचे दिवस जोखमीचे. रक्तस्राव पाच दिवस चालला, तर मेसेजमधल्या ‘पाळीनंतरच्या सात सेफ दिवसां’तले पहिले पाच थेट या पट्ट्यात बसतात! चक्र ३२ दिवसांचं आणि नियमित असेल तर हेच दिवस बरेचसे निभावतील, पण मेसेजमध्ये चक्राच्या लांबीचा उल्लेखच नाही. पाळीआधीच्या सात दिवसांचं म्हणणं त्यातल्या त्यात खरं आहे, कारण सुटलेलं अंडं एक दिवसच टिकतं. अडचण एवढीच, की ते दिवस ‘पाळीआधीचे सात’ होते हे पाळी आल्यावर कळतं. ताण, आजारपण, अनियमित चक्र यांनी अंडं उशिरा सुटलं की सगळी मोजणी घसरते.

‘एकदाने राहत नाही’ यात थोडं तथ्य आहे, हे नाइलाजाने मान्य. चक्रातला कुठलाही दिवस धरला तर एका वेळेची शक्यता सरासरी तीन टक्क्यांच्या आसपास येते. पण ती सरासरी आहे. तो दिवस त्या सहांतला निघाला तर आकडा वर दिलाय तो. ‘पहिल्याच वेळी’ अशी वेगळी सवलत शरीर देत नाही.

धुण्याबद्दल काय लिहायचं! शुक्राणू काही मिनिटांतच गर्भाशयाच्या मुखातल्या स्रावात शिरतात. तिथे पाणी पोचत नाही, आणि आत पाणी मारल्याने जंतुसंसर्गाचा धोका तेवढा वाढतो. लघवी करूनही ते निघत नाहीत, तो मार्ग तर वेगळाच आहे. बाहेर काढण्याच्या भरवशावर राहणाऱ्या १०० जोडप्यांपैकी सुमारे २० जणांकडे वर्षभरात दिवस राहतात.

राहिली गोळी. लेव्होनॉर्जेस्ट्रेल मुख्यतः अंडं सुटणं पुढे ढकलतं. अंडं सुटण्याचा हार्मोनचा इशारा आधीच वाढू लागला असेल तर त्याचा फारसा उपयोग होत नाही. आणि पुढे ढकललं म्हणजे ते नंतर सुटणार, त्यामुळे गोळीनंतरच्या दिवसांत पुन्हा काळजी न घेता संबंध आले तर धोका उलट तेव्हाच. गोळीनंतर तीन तासांच्या आत उलटी झाली तर पुन्हा घ्यावी लागते. टीबीचं रिफाम्पिसिन किंवा फिट्सची फेनिटॉइन, कार्बामाझेपिन चालू असेल तर या गोळीचा असर कमी होतो. अशा वेळी तांबीबद्दल विचारावं. गोळीनंतर काही दिवसांत थोडं रक्त दिसलं तर त्याला पाळी समजू नये. खरी पाळी आठवडाभराहून जास्त लांबली किंवा नेहमीपेक्षा फारच कमी गेली, तर टेस्ट करायची: सकाळच्या पहिल्या लघवीवर, आणि पट्टी पाकिटावर छापलेल्या मिनिटांतच वाचायची. त्या वेळात उमटलेली फिकट रेषही पॉझिटिव्हच. तासाभराने कचऱ्यातून काढून पाहिलेली रेष धरू नये.