‘तोट्या उघडून पाणी सोडलं की झालं’? नाही, झालं नाही

ऑक्टोबर लागला की आमच्या इथल्या मराठी कॅम्पिंगवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागतो. आरव्ही म्हणजे चाकांवरचं फिरतं घर, विंटराइज करणं म्हणजे त्यातलं पाणी गोठून नुकसान होऊ नये अशी हिवाळ्याआधीची तयारी, आणि अँटीफ्रीझ म्हणजे सहज न गोठणारं द्रव. मजकूर थोडक्यात असा: ‘आरव्ही विंटराइज करणं ही निव्वळ डीलरची कमाई आहे. तोट्या उघडून पाणी सोडून द्या. आजकालचे पाइप पेक्सचे (लवचीक प्लास्टिकचे) असतात, ते फुटत नाहीत. फारच भीती वाटली तर गाडीचं उरलेलं अँटीफ्रीझ ओता. आत छोटा हीटर चालू ठेवा, वरून ताडपत्री बांधा. बॅटरी काढू नका, थंडीत ती उलट टिकते. आणि टेक्सासकडे राहत असाल तर यातलं काहीच करू नका.’ खाली हात जोडलेले दोन इमोजी आणि ‘सर्वांना पाठवा’.

आम्ही अमेरिकेच्या उत्तरेला, मिनियापोलिसजवळ राहतो. 26 फुटी ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायची आरव्ही, आहे. त्याची हिवाळ्याची तयारी मी करते, नवरा टॉर्च धरतो. दरवर्षी या मेसेजला तुकड्यातुकड्यांनी उत्तर देते, यंदा एकदाच सगळं लिहून टाकते.

डीलरबद्दलचं पहिलं वाक्य मला निम्मं मान्य आहे. हे काम घरी होतं. मध्यम ट्रेलरला गुलाबी अँटीफ्रीझचे दोन-तीन गॅलन, एक पाना आणि रविवारची दुपार पुरते. पण ‘डीलरकडे जाऊ नका’ आणि ‘काम करूच नका’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत, आणि मेसेज पहिल्यावरून थेट दुसऱ्यावर उडी मारतो. विम्याच्या भरवशावर राहायचं असेल तर आधी पॉलिसी उघडून बघा. गोठून झालेलं नुकसान बऱ्याच पॉलिसींमध्ये वगळलेलं असतं.

आता मुख्य मुद्दा, तोट्या उघडून पाणी सोडण्याचा. फ्रीझरमध्ये काचेची बाटली विसरल्यावर काय होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. पाण्याचा बर्फ होताना त्याचं आकारमान सुमारे 9 टक्के वाढतं. ट्रेलरमधली गंमत अशी, की भरलेली टाकी लक्षात राहते, घात करतं ते उरलेलं अर्धी वाटी पाणी. तोट्या आणि तळाचे ड्रेन उघडले की धारेचं पाणी जातं. पंपाच्या डोक्यातलं, फिल्टरच्या भांड्यातलं, टॉयलेटच्या व्हॉल्व्हमधलं, सिंकखालच्या वाकड्या पाइपातलं जात नाही. तिथून बाहेर पडायला त्याला उतारच नसतो. बंद बॉल व्हॉल्व्हच्या (आतला भोकाचा गोळा फिरवून पाणी अडवणाऱ्या तोटीच्या) पोटातसुद्धा चमचाभर पाणी अडकून बसतं, म्हणून तो शेवटी अर्धवट उघडा ठेवायचा.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाहीये. आमच्या पहिल्या हिवाळ्यात मीही तोट्याच उघडल्या होत्या. सगळ्या उघडल्या असं मला वाटलं होतं. ट्रेलरच्या बाहेरच्या बाजूला एक छोटं झाकण असतं, आत चिखलाचे पाय धुवायचा शॉवर. तो आम्ही कधी वापरलाच नव्हता, त्यामुळे आठवलाही नाही. एप्रिलमध्ये पाणी जोडलं, पंप सुरू केला, आणि पंप थांबेना. दहा मिनिटांनी पलंगाखालची फळी ओली लागली. त्या शॉवरच्या तोटीचं प्लास्टिक केसाएवढं तडकलं होतं. भाग स्वस्तात मिळाला, भिंतीतलं भिजलेलं इन्सुलेशन निस्तरणं मात्र उन्हाळाभर पुरलं.

मग नीट शिकले, ते असं. आधी गीझर थंड होऊ द्यायचा, दाब सोडायचा आणि मगच खालचं बूच काढायचं. गरम, दाबाखालच्या टाकीचं बूच काढणं म्हणजे तोंडावर उकळतं पाणी घेणं. पोलादी टाकीत बुचाबरोबर एक अ‍ॅनोड रॉड (टाकी गंजू नये म्हणून स्वतः झिजणारी कांडी) बाहेर येतो. खडूच्या तुकड्यासारखा झिजला असेल तर नवा आणायचा. ॲल्युमिनियमच्या टाकीत तो नसतो, शोधत बसू नका. मग गीझर बायपासवर टाकायचा, म्हणजे पाइपातलं द्रव त्याला वगळून पुढे जाईल असं करायचं. नाहीतर त्याची 6 गॅलनची टाकी भरण्यातच सगळं अँटीफ्रीझ संपतं. फिल्टर काढायचा. पंपाची ओढणारी नळी अँटीफ्रीझच्या कॅनमध्ये बुडवायची आणि एकेक तोटी उघडायची, गार आणि गरम दोन्ही, रंग गुलाबी येईपर्यंत. टॉयलेटचं पेडल दाबायचं. शॉवर. आणि हो, बाहेरचा शॉवर. शेवटी प्रत्येक सिंकच्या आणि शॉवरच्या भोकात कपभर ओतायचं.

कोणी म्हणेल, यापेक्षा कॉम्प्रेसरनं हवा मारली तर? चालतं, मीही आधी मारते. पण दाब 50 पीएसआयच्या (दर चौरस इंचाला पौंड) खालीच ठेवा, ही टायरची ट्यूब नाही. आणि हवेनं सिंकखालचा वाकडा पाइप कोरडा होत नाही, तिथे गुलाबीच लागतं.

‘पेक्स फुटत नाही’ हे अर्धसत्य आहे, म्हणून जास्त धोकादायक. पेक्सचा पाइप ताणला जातो आणि बरेचदा पुन्हा आक्रसतो, हे खरंच. पण ट्रेलरमधलं सगळं पेक्स नसतं. त्याला जोडणारी फिटिंग, तोटीच्या आतलं कार्ट्रिज, पंपाचं डोकं, फिल्टरचं भांडं हे सगळं टणक प्लास्टिक किंवा पितळ. शिवाय पाइप बऱ्याचदा बर्फ असतो तिथे फुटतही नाही. बर्फाचा बोळा वाढत जातो आणि पुढच्या बंद तोटीपर्यंतचं पाणी दाबत नेतो. त्या पट्ट्यात जिथे कच्चं, तिथे भेग. पाइप न फुटणारा असला, तर भेग तोटीला पडणार. तोट्या उघड्या ठेवायचा सल्ला एवढ्यापुरता बरोबर आहे, मेसेज लिहिणाऱ्याला कारण ठाऊक नसलं तरी.

गाडीच्या अँटीफ्रीझबद्दल मात्र मी हसून बोलणार नाही. ते बहुधा इथिलिन ग्लायकॉल असतं. चवीला गोडसर आणि विषारी, मूत्रपिंडं निकामी करणारं. कुत्र्या-मांजरांना थोडंसं चाटलं तरी पुरतं. ज्या नळाचं पाणी जूनमध्ये मुलं दात घासायला घेणार, त्यात हे ओतायचं? आरव्हीचं गुलाबी अँटीफ्रीझ प्रॉपिलिन ग्लायकॉलचं असतं, जे खाद्यपदार्थांत आणि औषधांतही वापरतात. घेताना मागचं लेबल वाचा, काही स्वस्त कॅनमध्ये इथेनॉल असतं आणि ते ज्वलनशील आहे. आणखी एक. कॅनवर ‘उणे 50’ लिहिलेलं असतं ते फॅरेनहाइट, म्हणजे साधारण उणे 46 सेल्सिअस. आणि ते तापमान पाइप न फुटण्याचं आहे, न गोठण्याचं नव्हे. उणे 10 सेल्सिअसच्या आसपासच त्याचा बर्फाच्या गोळ्यासारखा चुरा होऊ लागतो. तो घट्ट झाला तरी पाइपला ताणत नाही, म्हणून पाइप वाचतो. पण त्यात पाणी मिसळलंत, ‘जरा पुरवून वापरू’ म्हणालात, की हा हिशोब कोलमडला. आमच्याकडे 30 जानेवारी 2019 ला पारा उणे 33 सेल्सिअसवर होता, तेवढं या कॅनला झेपतं. उत्तरेला टॉवर गावात 2 फेब्रुवारी 1996 ला उणे 51 नोंदलं गेलं. त्या बाजूला ट्रेलर ठेवणाऱ्यांनी ‘उणे 100’ चा कॅन घ्यावा.

हीटर चालू ठेवण्याचं गणित मांडूनच बघा. 20 पौंडी प्रोपेन सिलिंडरमध्ये सुमारे 4,30,000 बीटीयू (उष्णतेचं एकक) असतात. ट्रेलरची तासाला 30,000 बीटीयूची गॅसभट्टी अखंड चालली तर चौदा तासांत सिलिंडर रिकामं. थर्मोस्टॅटवर थांबत-थांबत चालली तरी आठवडे पुरणार नाही, आणि तिचा पंखा बॅटरी खातो तो वेगळाच. विजेचा 1,500 वॅटचा हीटर दिवसाला 36 युनिट जाळतो, तोही कुणी नसलेल्या लाकडी भिंतींच्या खोक्यात. एवढं करून ऊब खोलीला. पाइप फरशीखाली आणि भिंतीच्या मागे.

ताडपत्रीवर फार बोलत नाही. कोकणात मृगाआधी आपण सगळं ताडपत्रीनं झाकतो, कारण तिथे शत्रू बाहेरचा पाऊस. इथे शत्रू आतली दमट हवा. प्लास्टिकखाली ती कोंडते आणि गाद्यांना बुरशी धरते, शिवाय वाऱ्यानं फडफडून ताडपत्री रंग घासते. श्वास घेणारं कव्हर घ्या. ते घालण्याआधी छतावरच्या सांध्यांचं सीलंट तपासा, कारण तिथल्या चिरेत शिरलेलं पाणी गोठून चीर रुंद करतं.

बॅटरीचा मुद्दा भरलेल्या बॅटरीपुरता खरा आहे. पूर्ण चार्ज असलेली लेड-ॲसिड बॅटरी उणे 50 सेल्सिअसलाही गोठत नाही. पण ट्रेलर उभा असतानाही गॅस डिटेक्टर वगैरे तिच्यातून थेंबथेंब वीज पीत असतात, आणि पार उतरलेली बॅटरी उणे 7 सेल्सिअसच्या आसपास गोठते. मग कवच फुगतं, तडकतं. काढा, घरात ठेवा, महिन्यातून एकदा चार्ज करा. लिथियमची असेल तर गोठणबिंदूखाली चार्जिंग नकोच, आत धातूचा थर चढून ती कायमची अधू होते.

राहिलं टेक्सास. निफाडचा पारा पाचवर आला की आपल्या पेपरांत बातमी होते. अशा मुलखात वाढलेल्या माणसाला डॅलसची थंडी किरकोळ वाटते, हे मी समजू शकते. 16 फेब्रुवारी 2021 ला डॅलसमध्ये उणे 19 सेल्सिअस होतं. त्या आठवड्यात वीज गेली आणि राज्यभर घरांचे पाइप फुटले. घरांचे, ट्रेलर तर दूरच. दक्षिणेतल्यांनी पूर्ण सोहळा करू नये, पण दोन कॅन गराजमध्ये ठेवावेत आणि ते कसे वापरायचे ते थंडी दारात येण्याआधी एकदा करून बघावं.

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट. एप्रिलमध्ये सगळं उलटं करायचं असतं: गुलाबी पाणी स्वच्छ होईपर्यंत वाहू द्यायचं, मग 15 गॅलनला पाव कप साध्या ब्लीचच्या हिशोबानं टाकी आणि पाइप धुवायचे, पुन्हा खळबळून घ्यायचे. आणि बायपास सरळ करून गीझरची टाकी भरेपर्यंत त्याचं विजेचं बटण दाबायचं नाही. रिकाम्या टाकीत कॉइल बघता बघता जळते. माझं बोट बटणावर होतं, तेवढ्यात शेजारच्या साइटवरचे आजोबा ओरडले.