बाष्कळ गाण्यांना अक्कल लागत नाही म्हणे!

‘निरर्थक गाण्यांनी संगीताचा खून केला’ असं एक ढकलपत्र सध्या फिरतंय. मी दुर्लक्षच करणार होतो, पण ते वाचून माझ्या बहिणीने चार वर्षांच्या लेकीचं ‘बेबी शार्क’ बंद केलं. आता गप्प बसवत नाही.

म्हणे, हे सगळं यूट्यूबचं पाप, पूर्वीच्या गाण्यांना अर्थ असायचा. ‘येस! वी हॅव नो बनानाज’ या बाष्कळ गाण्याने अमेरिकेला वेड लावलं ते १९२३ साली. त्याही आधी, १८९०च्या दशकात, जॉर्ज डब्ल्यू. जॉन्सनचं ‘लाफिंग साँग’ तुफान खपलं. तेव्हा गाणी मेणाच्या नळकांड्यांवर रेकॉर्ड व्हायची आणि त्यांच्या ढिगाने प्रती काढायची सोय नव्हती, म्हणून हा गडी तेच गाणं आणि तेच हसू पुन्हा पुन्हा नव्याने रेकॉर्ड करायचा.

मला सगळ्यात झोंबलं ते हे: ‘अशी गाणी करायला अक्कल लागत नाही.’ १९५८चं ‘द चिपमंक साँग’ घ्या. तीन खारी चिरक्या आवाजात गातात, आणि तिन्ही आवाज एकट्या रॉस बॅगडासेरियनचे. युक्ती अशी की गाताना टेप अर्ध्या वेगावर, ऐकवताना पूर्ण वेगावर. आवाज एक सप्तक वर जातो, पण लयही दुप्पट होते. म्हणून गाताना प्रत्येक शब्द दुप्पट लांबवायचा, उच्चार मात्र चोख ठेवायचे, आणि वर तिघांचा मेळ जुळवायचा. मी फोनवर करून पाहिलं. दोन ओळींत दम संपला, आणि वेग वाढवल्यावर खार कसली, गंजलेली बिजागरी ऐकू आली. १९५९ साली ग्रॅमी पुरस्कार पहिल्यांदाच दिले गेले, त्यातले तीन या गाण्याला मिळाले. एक तर खास ध्वनिमुद्रणातल्या तांत्रिक कामासाठी. पत्र लिहिणाऱ्याला किती मिळालेत?

मुलांची भाषा बिघडते हे ‘संशोधनाने सिद्ध’ झालंय म्हणे. कुणाचं संशोधन, कधीचं, पत्ता नाही. अरे, तेच ते शब्द, तेच हातवारे घोकूनच तर पोरं बोलायला लागतात! सलग चाळीस वेळा ऐकून मोठ्यांचं डोकं फिरतं, एवढं मान्य.

‘दोन महिन्यांत विसरली जातात’? ‘मॉन्स्टर मॅश’ हे राक्षसांवरचं गमतीचं गाणं १९६२ मध्ये अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर होतं, १९७३ मध्ये पुन्हा पहिल्या दहांत आलं. पुढे.

एक मुद्दा नाइलाजाने कबूल करतो, फुटकळ गाण्यांपुढे चांगली गाणी झाकोळतात. ‘जॉनी बी. गुड’सारखं गाजलेलं रॉक अँड रोल गाणं देणाऱ्या चक बेरीला अमेरिकेच्या त्याच यादीत पहिला क्रमांक एकदाच मिळाला, तोही १९७२च्या ‘माय डिंग-अ-लिंग’ या चावट, द्व्यर्थी गाण्याला. मलाही ते खटकतं. पण ते रेकॉर्डिंग एकदा ऐका. कार्यक्रम प्रत्यक्ष चालू आहे, तो मजेत लोकांकडून ओळी म्हणवून घेतोय, आणि अख्खं सभागृह त्याच्यामागून गातंय.